सांध्यातली हळद

आमच्या भागात 'आवाज झाला' म्हटलं की कशाचा, असं कुणी विचारत नाही. जमिनीच्या पोटात गुरगुर होते, मांडणीवरची भांडी थरथरतात, कुत्री एकदम गप्प होतात आणि दोन श्वासांत सगळं पुन्हा जागेवर. मग माणसं एकमेकांना फोन करतात आणि 'तुमच्याकडं झाला का' एवढंच विचारतात. माझे वडील गवंडी होते. आवाजाने भिंतीला तडा गेला की ते त्या तड्यावर काचेची एक बारीक पट्टी सिमेंटने आडवी चिकटवायचे. काच तडकली तर तडा वाढतोय, नाही तडकली तर निवांत झोपा. "भित्तीला इचारायचं नसतं, काचेला इचारायचं," असं ते घरमालकाला सांगायचे. घरमालक हसायचे, पण दुसऱ्या दिवशी उठल्याउठल्या काच बघायला जायचे.

मी इंजिनियर झाले आणि एका खासगी प्रयोगशाळेत लागले. माझं काम म्हणजे दुसऱ्यांनी बांधलेलं खरंच धरून आहे का, ते तपासणं. त्यामुळे साईटवर माझं मनापासून स्वागत कुणी करत नाही. त्यात राग माझ्या नाकावर. कुणी 'मॅडम, चालतंय की' म्हणालं की माझं डोकं फिरतं. चालतंय हा शब्द मी माझ्या कुठल्याही अहवालात लिहिलेला नाही, ह्याचा मला फार अभिमान होता. तो अभिमान कुरुंद्याच्या पलीकडच्या एका गावात उतरला. गावाचं नाव लिहीत नाही.

त्या गावची जुनी शाळा आवाजांनी खिळखिळी झाली होती. दोन वर्ग समाजमंदिरात भरायचे, दोन देवळाच्या पारावर. नवी शाळा लवकर हवी म्हणून ती मॉड्युलर पद्धतीची करायचं ठरलं. म्हणजे वर्गखोल्या कारखान्यातच तयार होतात, पोलादी चौकटीच्या, भिंती-खिडक्यांसकट. ट्रेलरवरून येतात, क्रेनने उचलायच्या आणि एकावर एक रचायच्या. तीन खाली, तीन वर. गावाने तिचं नाव पहिल्याच दिवशी 'डबा शाळा' ठेवलं.

अशा इमारतीत डबे भक्कमच असतात. सगळा प्रश्न डब्या-डब्यांच्या मधला. वरच्या डब्याचा कोपऱ्यातला खांब खालच्या खांबावर बसतो आणि दोघांना बाहेरून जाड पोलादी पट्टीने, बोल्ट आवळून, एकत्र धरायचं. वरच्या तीन डब्यांचे असे बारा सांधे. बोल्टची छिद्रं बोल्टपेक्षा थोडी मोठी ठेवावी लागतात, नाहीतर डबा बसायचाच नाही. मग पट्टी जागेवर राहते ती कशाने? बोल्टच्या दाबाने दोन खरखरीत पृष्ठभाग एकमेकांना घट्ट धरून ठेवतात, म्हणून. बोल्ट आवळलेला आणि मधला पृष्ठभाग कोरडा, ह्या दोन गोष्टींवर वरचा मजला उभा असतो.

सांधे जुळवणारे मिस्त्री जवळा बाजारकडचे. पन्नाशी ओलांडलेले, जिनिंगच्या शेडा उभ्या करण्यात आयुष्य गेलेलं. हात असा की बोल्टला पाना लावला की पुन्हा लावायची गरज नाही. माझ्याशी पहिल्या दिवसापासून नीट वागले, आणि मीही त्यांच्यावर एकदाही ओरडले नाही. माझ्याबाबतीत हे लिहून ठेवण्यासारखं आहे.

वरचे डबे चढवायच्या सकाळी त्यांनी पूजा मांडली. ताटात नारळ, उदबत्ती, वाटीत कालवलेली हळद. गावात तेव्हा हळद शिजवायचे दिवस होते, अंगणाअंगणात हळदच वाळत होती, तेव्हा ताटात हळद असणारच. आमच्या घरी बावीस प्रतिज्ञा भिंतीवर आहेत. मी पूजेला हात जोडत नाही आणि दुसऱ्याच्या पूजेत नाक खुपसत नाही. साईटवर अशा वेळी मी बाजूला होते, पाठ करून उभी राहते, फोनमध्ये काहीतरी बघते. कुणाला अवघडल्यासारखं नको आणि मलाही नको. त्या दिवशीही मी तेच केलं. चहा घेतला, हळदीच्या वाफेकडे बघत पाच-सात मिनिटं काढली, नारळ फुटल्याचा आवाज आला तेव्हा मागे वळले. क्रेन तयार होती.

डबे बसले. पुढच्या दोन दिवसांत मी बाराही सांध्यांचे सगळे बोल्ट टॉर्कच्या पान्याने तपासले. हा पाना ठरलेल्या जोराला टक् वाजतो. प्रत्येक बोल्टला टक् वाजलं. मग पांढऱ्या मार्करने प्रत्येक नटावरून पट्टीवर एक रेघ मारली, नट फिरला तर कळावं म्हणून. ती रीत सगळेच पाळतात. मी त्यात वडिलांची काच घातली: प्रत्येक पट्टीच्या वरच्या टोकावरून वरच्या डब्याच्या खांबावर आणखी एक उभी रेघ. ती कुठल्याही नियमात नाही.

अहवालावर सही केली त्या दिवशी मुख्याध्यापिका बाई वरच्या व्हरांड्यात आल्या. साठीला टेकलेल्या, बारीक चणीच्या, वर्षानुवर्षं पारावर शिकवून आवाज मोठा झालेल्या. त्यांनी कठड्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "मॅडम, मला तुमच्या कागदातलं काई कळत न्हाई. एकच इचारते. तुमचं लेकरू बसवाल का हितं वर?"

माझी मुलगी तेव्हा दुसरीत होती. मला त्या प्रश्नाचा थोडा रागच आला. "बसवीन की!" मी म्हणाले.

होळी झाल्यावर मुलं वरच्या वर्गांत बसू लागली.

चैत्रात सकाळची शाळा होती. मी वसमतला दुसऱ्या कामावर होते. नऊच्या सुमाराला टेबलावरचा पाण्याचा ग्लास थरथरला. आवाज नेहमीपेक्षा जरा मोठा होता, पण नेहमीसारखाच गेला. फोन सुरू झाले, तुमच्याकडं झाला का, आमच्याकडं झाला. बाईंचा फोन आला तो वेगळा होता. "काई झालं न्हाई मॅडम. पोरं खाली उतरवली, परत वर बसवली. पण वरून टक् असा आवाज आल्ता. तुमचा पाना वाजतो न, तसा."

मी हातातलं काम टाकलं आणि स्कूटीला किल्ली लावली. रस्ताभर स्वतःला समजावत होते की पत्रा वाजला असेल, खिडकी आपटली असेल. पोचले तेव्हा चौथीचा वर्ग वर पाढे म्हणत होता. मी जिना चढून पहिल्या सांध्यापाशी बसले. नटांवरच्या रेघा सरळ. दुसरा सांधा, सरळ. तिसऱ्यावर नटांच्या रेघा सरळच होत्या, पण पट्टीवरून खांबावर गेलेली माझी उभी रेघ मोडली होती. वरचा तुकडा एकीकडे, खालचा एकीकडे. मधे जाडसर नखाएवढं अंतर. बारापैकी तीन सांध्यांच्या रेघा अशा होत्या.

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं, आणि मी तर पायाखालची जमीन सरकणाऱ्या मुलखातच जन्मले आहे. नट जागचा हलला नव्हता आणि डबा सरकला होता. हे कसं होतं? आणि पाठीमागे बाराचा पाढा चालू होता.

मी वर्गाच्या दारात गेले. "बाई, मुलांना खाली घ्या. दप्तरांसकट."

"परत आवाज येणार हाय का?"

"नाही. पण खाली घ्या."

मुलं रांगेने उतरली. आवाजाची सवय असल्याने त्यांना रांग करायला सांगावं लागत नाही. शेवटची मुलगी उतरेपर्यंत मी सांध्यावर तळहात टेकवून उभी होते, जणू माझ्या हाताने तो धरला जाणार होता. खाली मैदानात बाईंनी हजेरी घेतली आणि मग माझ्याजवळ आल्या. आवाज चढवला नाही. "तुमच्या सहीवर बसवले व्हते," एवढंच म्हणाल्या.

ठेकेदाराच्या इंजिनियरला फोन लावला. तो आधी हसला. "एक मिलिमीटर? मॅडम, एका मिलिमीटरसाठी शाळा खाली केली? बोल्ट टाईट आहेत ना? मग! फार तर पट्ट्यांना वेल्डिंग मारून टाकू. आठवड्याने सुट्ट्याच लागतायत. तुम्ही 'मर्यादेत आहे' असं लिहा, गाजावाजा कशाला?"

खरं सांगते, दोन मिनिटं मी विचार केला. लगेच काही कोसळणार नव्हतं. बोल्ट होते, छिद्राच्या कडेला जाऊन डबा अडकलाच असता. पण वरचा मजला जे धरून उभा आहे असं मी लिहून दिलं होतं, ते धरत नव्हतं, आणि काहून धरत नाही हे मला माहीत नव्हतं. न कळलेल्या दुखण्यावर वेल्डिंगची मलमपट्टी करायची आणि पुढच्या आवाजाची वाट बघायची? "जॅक घेऊन येतेय," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हायड्रॉलिक जॅक लावला. वरच्या डब्याला बाजूने ढकलायचं आणि सांध्यावर बसवलेल्या घड्याळासारख्या मापावर काटा बघायचा. सांधा धरून असेल तर पूर्ण जोर येईपर्यंत काटा जवळजवळ हलत नाही. मिस्त्री जॅकचा दांडा मारत होते, मी काट्याला डोळा लावून होते. पाव जोर, काटा स्थिर. निम्म्याला आलो आणि टक्. काटा उडी मारून पुढे गेला. पूर्ण जोराच्या निम्म्यावर. आदल्या दिवशी ज्या सांध्याची रेघ मोडली नव्हती, त्याच्यावर हे झालं होतं.

मिस्त्रींच्या हातातला दांडा तसाच राहिला. "बोल्ट तर मी सोता आवळलेत, मॅडम."

"बोल्ट चांगले आहेत. पट्टी उतरवा."

खाली टेकू लावून त्यांनी एक पट्टी मोकळी केली. तिची आतली बाजू मी उन्हात धरली. करड्या, खरखरीत पोलादावर पिवळी साय होती. बोट फिरवलं तर घसरलं. वास घेतला. हळद आणि तेल.

"हे काय आहे?" माझा आवाज चढला होता.

मिस्त्रींच्या चेहऱ्यावर लपवाछपवी अजिबात नव्हती. मलाच त्यांनी वेड्यात काढलं असतं, असे ते बघत होते. "पूजेची हळद हाय. त्येलात कालवून सगळ्या सांध्यांला लावलती. दोन डबे आता जलमभर संगं राहनार, म्हंजे लगीनच की त्यांचं. नवरा-नवरीला हळद लावल्याबिगर कुनी जोडतं का? वरच्यालाबी लावली, खालच्यालाबी लावली."

"पट्टीच्या आत? तेल? मिस्त्री, तुम्हाला कुणी सांगितलं नाही, आतला भाग कोरडा पाहिजे म्हणून?" आता मी ओरडतच होते. "मला न सांगता, माझ्या मागे, हे असं..."

"तुमच्या मागं न्हाई." ते शांतपणे म्हणाले. "तुमी थितंच व्हत्या. मी ताट घेऊन तुमच्याकडं बघितलं पन व्हतं. तुमी पाठ फिरवली."

ते खोटं बोलत नव्हते. त्यात टोमणाही नव्हता, म्हणून जास्त लागलं. पाच-सात मिनिटं. बारा सांध्यांना हळद लावायला तेवढाच वेळ लागतो. मी शेजारीच चहा पीत होते. सांधा झाकायच्या आधी तो आतून बघणं हे माझं काम होतं, आणि कुणाच्या पूजेत नाक खुपसायचं नाही हा माझा मोठेपणा मला त्या कामापेक्षा महत्त्वाचा वाटला होता. मिस्त्रींना कोरड्या पृष्ठभागाचं शास्त्र कुणी शिकवलं नव्हतं. मला शिकवलं होतं. आणि तरी मी त्या माणसावर ओरडले.

संध्याकाळी घरी अहवाल लिहायला बसले. ठेकेदाराच्या इंजिनियरने तोपर्यंत मजकूरही पाठवला होता: मिस्त्रीच्या चुकीमुळे, अंधश्रद्धेतून, वगैरे. वाचून अंगाचा तिळपापड झाला. आपली बाजू झाकायला किती सोपा शब्द सापडला होता त्याला! मी लिहिलं: सांध्याच्या आतील पृष्ठभागावर तेल व हळद आढळली. जुळवणीच्या वेळी तपासणी अभियंता स्वतः हजर होती. पृष्ठभाग झाकण्यापूर्वी तिने तो पाहिला नाही. ही तिची चूक आहे. खाली सही केली. आठवड्याने कार्यालयाकडून नोटीस आली आणि माझी बाकीची कामं दुसऱ्याकडे गेली. हे एकच काम माझ्याकडे राहिलं, कारण ते घ्यायला दुसरं कुणी तयार नव्हतं.

मे महिन्यात क्रेन परत आली. वरचे तिन्ही डबे उतरवले. मिस्त्री आले होते, पण माझ्याशी कामापुरतंच बोलत. बाराही सांधे त्यांनी थिनरने पुसले, तारेच्या ब्रशने घासले, पुन्हा पुसले. मी प्रत्येकावर पांढरा फडका फिरवून बघत होते. फडका पिवळा झाला की ते परत घासायला घेत. ऊन असं होतं की पोलादाला हात लावता येत नव्हता. दोन दिवस हेच चाललं. तिसऱ्या दिवशी बारा फडके पांढरे निघाले.

डबे चढवायच्या सकाळी मिस्त्रींनी ताट आणलं. नारळ, उदबत्ती, हळदीची वाटी. ते स्टुलावर ठेवून माझ्यासमोर उभे राहिले. महिनाभरात पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं.

"आता कुटं लावू, ते तुमीच सांगा."

मी त्यांना खांबाची बाहेरची बाजू दाखवली, पट्टीपासून हातभर लांब. "इथे लावा. पाहिजे तेवढी. फक्त नंतर हात साबणाने धुवा आणि मगच बोल्ट धरा."

त्यांनी बारा ठिकाणी बाहेरून हळदीची बोटं ओढली. मी समोर उभी राहून एकेक बघत होते. हात जोडले नाहीत, पण पाठही फिरवली नाही. नारळ फुटला तेव्हा त्याचं पाणी सांध्यावर उडू नये म्हणून मीच ताट जरा लांब सरकवलं. मिस्त्री हसले. "लई तकलीफ हाय तुमच्यासंगं काम करनं," ते म्हणाले.

जॅकच्या दिवशी बाईही आल्या. सुट्टी होती तरी आल्या. मापाच्या शेजारी उभ्या राहून काट्याकडे बघू लागल्या. पाव जोर. निम्मा. मागच्या वेळी टक् झालेला आकडा आला. मिस्त्रींनी दांडा मारायचं थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "मारा," मी म्हणाले. काटा गेला नाही. पाऊण. पूर्ण. पूर्ण जोर तसाच धरून दहा मिनिटं थांबायचं असतं. शेजारच्या शेतात ट्रॅक्टर वळला तरी मी काट्यावरचा डोळा काढला नाही. दहा मिनिटं झाली. काटा होता तिथे होता. असे बारा सांधे करायला दोन दिवस लागले.

शेवटच्या सांध्यानंतर मी अहवालाची प्रत बाईंना दिली. त्यांनी ती नीट घडी करून पिशवीत ठेवली, "बरं," म्हणाल्या आणि जिना उतरू लागल्या. मी थांबून राहिले होते. मला वाटलं, त्या वळतील आणि तो लेकराचा प्रश्न पुन्हा विचारतील. ह्या वेळी उत्तर खरं होतं. पण बाई वळल्या नाहीत. एकदा विचारून झालं होतं, माझं उत्तरही त्यांनी ऐकलेलं होतं. गेटपर्यंत जाताना त्यांची पाठ मला दिसत राहिली. नोटीस आली तेव्हा मी रडले नव्हते. त्या दिवशी घरी जाऊन रडले.

जूनमध्ये शाळा उघडली त्या सकाळी मी मुलीला लवकर उठवलं, तिच्या शाळेत फोन करून ती येणार नाही असं कळवलं आणि तिला स्कूटीवर पुढे उभं केलं. वाटेत तिने दहा वेळा कुठे जातोय ते विचारलं. वरच्या मजल्यावर बाई तिसरीच्या वर्गात नवी पुस्तकं वाटत होत्या. मुलीला दारात बघून थांबल्या.

"ही कोन?"

"माझी मुलगी. तिसरीत आहे."

"हिची शाळा न्हाई का आज? हिला काहून आणलं?"

"तुम्ही विचारलं होतंत ना, बाई. म्हणून."

बाई मुलीच्या वेण्यांकडे, पाठीवरच्या दप्तराकडे बघत राहिल्या. मग हातातल्या गठ्ठ्यातलं एक पुस्तक काढून तिला दिलं आणि कोपऱ्यातल्या बाकावर, सांध्याच्या खांबाशेजारी बसलेल्या मुलीला म्हणाल्या, "सरक गं जरा. ह्या लेकराला बसू दे."

माझी मुलगी जाऊन बसली. मी खाली उतरले आणि शाळा सुटेपर्यंत जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून राहिले.